जाणत्या हाताचं गणित



संमेलनाच्या अध्यक्षाने सगळ्याच विषयांवरून थोडाथोडा हात फिरवावा असा प्रघात आहे. तो मोडून मी एकाच विषयावर बोलणार आहे: फझी लॉजिक आणि यंत्रांचं नियंत्रण. हे नाव आपल्याकडे आलं ते वॉशिंग मशीनच्या जाहिरातींतून, आणि जाहिराती बदलल्या तसं विसरलंही गेलं. त्यामुळे ही माल खपवायची एक युक्ती होती, असा समज मागे उरला. माझं म्हणणं असं, की यंत्र चालवणाऱ्या माणसाला जे कळतं तेही अभियांत्रिकीचंच ज्ञान आहे, आणि ते समीकरणांच्या पंक्तीला बसवण्याचं काम फझी लॉजिकने केलं.

या विचाराचे जनक लोत्फी झादे. जन्म बाकूचा, शालेय वय तेहरानमध्ये गेलं, आणि कर्मभूमी अमेरिकेतलं बर्कली. १९६५ साली त्यांनी फझी संचांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्याआधी दोनच वर्षं, १९६३ मध्ये, चार्ल्स डेसोर यांच्यासोबत लिहिलेला त्यांचा रेषीय प्रणालींवरचा ग्रंथ आला होता. काटेकोर गणिताचा धाक वाटणारा हा माणूस नव्हता. त्या गणितात मुरल्यावरच त्यांच्या लक्षात आलं, की प्रणाली जितकी गुंतागुंतीची, तितकं तिच्याविषयी नेमकं आणि उपयोगाचं असं एकाच वेळी बोलणं अवघड. नेहमीच्या संचात एखादी गोष्ट असते किंवा नसते. झादेंनी तिला शून्यापासून एकपर्यंत कुठलाही अंश दिला.

इथे एक गल्लत नेहमी होते. बॉयलरमधला दाब ०.७ अंशाने ‘कमी’ आहे, याचा अर्थ तो कमी असण्याची शक्यता सत्तर टक्के आहे, असा नाही. दाब मोजलेला आहे, त्यात संशय काही नाही. तो ‘कमी’ या वर्णनात कितपत बसतो, एवढंच हा आकडा सांगतो.

आता हे यंत्रात कसं उतरतं, ते एका छोट्या हिशेबाने पाहू. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत. समजा, दाब ०.७ अंशाने ‘कमी’ आणि ०.३ अंशाने ‘ठीक’ आहे. आणि तो ०.६ अंशाने ‘घसरतो आहे’. जाणत्या ऑपरेटरचे दोन नियम घेऊ. दाब कमी असून घसरत असेल, तर उष्णता बरीच वाढवा. दाब ठीक असून घसरत असेल, तर थोडी वाढवा. नियमात दोन अटी असल्या की त्यांतला लहान अंश धरायचा. म्हणून पहिला नियम ०.६ इतका लागू होतो, दुसरा ०.३ इतका. ‘बरीच’ म्हणजे वीस टक्के आणि ‘थोडी’ म्हणजे पाच टक्के मानलं, तर भारित सरासरी पंधरा टक्के येते. तेवढी उष्णता वाढवायची. क्षणाक्षणाला हाच हिशेब पुन्हा होतो. दाब बदलला की अंश बदलतात आणि उत्तर एका पायरीवरून दुसरीवर उडी न मारता हळूहळू सरकतं.

हे प्रथम करून दाखवलं लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजमध्ये इब्राहिम ममदानी आणि त्यांचे विद्यार्थी एस. असिलियन यांनी. ममदानी टांझानियात जन्मलेले, भारतात शिकलेले. १९७३ साली झादेंनी शब्दांतल्या नियमांची रीत मांडली होती. ती हाताशी धरून या दोघांनी प्रयोगशाळेतलं एक छोटं वाफेचं इंजिन चालवलं. दाबासाठी उष्णता, वेगासाठी थ्रॉटल, आणि दोन्हींवर ‘जर असं, तर तसं’ या घाटाचे मोजके नियम. इंजिनाचं समीकरण कोणी मांडलं नव्हतं. ते कसं हाताळावं हे मांडलं होतं.

तिथून उद्योगात पाऊल पडलं ते डेन्मार्कमध्ये, सिमेंटच्या फिरत्या भट्टीवर. आत सिमेंटचा क्लिंकर साधारण १४५० अंश सेल्सिअसला भाजतो. तिथे नेमकं मोजमाप अवघड, आणि केलेल्या बदलाचा परिणाम उशिरा दिसतो. अशी भट्टी अनुभवी ऑपरेटर मात्र चालवत होतेच. १९८०च्या सुमारास एफ. एल. स्मिथ कंपनीने त्यांच्याच रीतीचे नियम नियंत्रकात घातले. पुढे जुलै १९८७ मध्ये जपानच्या सेंदाई शहरात भुयारी रेल्वे सुरू झाली. हिताचीने केलेली तिची नियंत्रणप्रणाली प्रत्येक संभाव्य आज्ञेचा परिणाम आधी अजमावते, आणि प्रवाशांचा आराम, नेमक्या जागी थांबणं, विजेची बचत या निकषांवर तोलून त्यांतली एक आज्ञा निवडते. ‘आरामदायी’ हा निकष मोटरमनच्या अंगवळणी पडलेला होता, तो आता गणितात आला.

विरोधही कमी झाला नाही. नियंत्रणशास्त्रातल्या रुडॉल्फ कालमनसारख्या दिग्गजाने १९७२ मध्येच झादेंच्या मांडणीवर जाहीर टीका केली. त्या टीकेतला एक भाग मला आजही योग्य वाटतो. प्रणालीचं चांगलं प्रतिमान हाती असेल, तर फझीचा अट्टहास कशाला? साध्या टाकीची पातळी राखायला पीआयडी हा नेहमीचा नियंत्रक पुरेसा आहे. शिवाय नियम समजूतदार वाटले म्हणून प्रणाली स्थिर राहीलच असं नाही. स्थिरता सिद्ध करावी लागते. १९८५ मध्ये ताकागी आणि सुगेनो यांनी नियमांच्या उत्तरात गणिती सूत्रं घातली आणि त्या सिद्धतेची वाट पुष्कळ मोकळी केली. अटी वाढल्या की नियमांची संख्या झपाट्याने फुगते, हा दोष तरीही उरतोच. दुसऱ्या टोकाला काही जण म्हणतात, जैन दर्शनातल्या स्याद्वादात फझीचा विचार आधीच होता. स्याद्वाद थोर आहेच. पण अंशांवरून वाफेची झडप किती उघडायची हे काढण्याची रीत झादे आणि ममदानींची आहे. तिचं श्रेय त्यांनाच द्यावं.

मग आपण काय करायचं? महाराष्ट्राच्या साखर कारखान्यांत पॅनमन असतो. पाक आटवून दाणा घडवणाऱ्या व्हॅक्यूम पॅनमधून नमुना काढून तो काचेवर पसरतो, उजेडाला धरतो, बोटांत ओढून चिकटपणा पाहतो. सिरप फार सोडलं तर दाणा विरघळतो. हात आखडला तर पाक अति घट्ट होऊन नको तिथे बारीक खोटा दाणा धरतो. या दोन चुकांमधली वाट त्याला ठाऊक असते. ती बहुधा कुठेच लिहिलेली नसते, आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर जाते.

म्हणून तरुण अभियंत्यांना माझं सांगणं आहे. पॅनमनजवळ चार पाळ्या उभे राहा. त्याचे नियम त्याच्याच बोलीत उतरवून घ्या आणि त्यालाच वाचून दाखवा. तो दुरुस्त्या सुचवेल. मग ते कारखान्याच्या नोंदींशी ताडून पाहा, कारण अनुभवातही चुकीच्या सवयी मुरलेल्या असतात. त्यानंतरच संगणकाकडे वळा. आज आकड्यांवरून आपोआप शिकणारी यंत्रं आपल्याला मोहात पाडतात, आणि त्यांची ताकद मोठी आहे. परंतु त्यांनी एखादा निर्णय का घेतला हे विचारलं, तर सरळ उत्तर मिळणं कठीण. फझी नियंत्रकाचा नियम मात्र कागदावर असतो. रात्रपाळीचा माणूस तो वाचू शकतो, ‘हे चुकतंय’ म्हणू शकतो, आणि सकाळी तो बदलता येतो.

पुढच्या संमेलनात अशा नियमांचे मराठी संग्रह सादर व्हावेत, आणि त्यांवर संशोधकाच्या नावाशेजारी त्या पॅनमनचंही नाव असावं, एवढी विनंती करतो.