उंचावर धापणारी गाडी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पाइक्स पीक नावाचे शिखर आहे. उंची ४,३०२ मीटर, आणि मोटारीचा रस्ता थेट माथ्यापर्यंत. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण ६० टक्केच असतो. माणसाला धाप लागते, तशी इंजिनालाही.

एक भाग पेट्रोल नीट जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा विरळ झाली, की पेट्रोलही कमी द्यायला हवे. आजच्या गाड्यांत हा हिशेब संगणक ठेवतो. १९७० सालच्या पोर्शे ९११ एससारख्या गाडीत तो ठेवते पंपावरची धातूची एक बंद डबी. बाहेरचा दाब घटला की ती फुगते आणि पेट्रोलचा हात आखडते.

पण इतक्या वर्षांनी डबी फुगेनाशी झाली, तर पंपाला डोंगराचा पत्ताच लागत नाही. तो समुद्रकाठच्या मापाने पेट्रोल ओतत राहतो. मग काळा धूर निघतो, आणि त्याबरोबर न दिसणारा कार्बन मोनॉक्साइड. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो. उंचावर तर प्राणवायू आधीच कमी.

म्हणून जुनी गाडी जपणाऱ्याने रंगाला चकाकी देण्याआधी ही डबी तपासून घ्यावी. नाद एकट्याचा असला, तरी धूर सगळ्यांच्या वाट्याला येतो.