कचारगडच्या पायथ्याशीं

डोंगरांतील एखादें जुनें गांव पाहावयाचें म्हटलें, कीं आपल्या सुशिक्षित घरांत स्वित्झर्लंडचें नांव निघतें. बर्फाचे उतार, त्यांवरून घसरत जाणारीं माणसें आणि पायथ्याचीं टुमदार लांकडी घरें डोळ्यांपुढें उभीं राहतात. गोंदिया जिल्ह्यांत बर्फ नाहीं. पण डोंगर आहे, गांव आहे आणि पुरातन परंपराही आहे. सालेकसा तालुक्यांतील धनेगांव आणि त्याच्या वरचा कचारगड यांविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

मुंबई-हावडा लोहमार्ग दरेकसा येथें बोगद्यांतून जातो. उतारू खिडकींतून झाडी पाहतात आणि पुढें डोंगरगडकडे निघून जातात. याच डोंगरांत गोंड समाजाचें आद्य तीर्थ आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें.

गोंडांची श्रद्धा अशी, कीं कली कंकाली मातेचीं मुलें येथील गुहेंत कोंडलीं गेलीं आणि तोंडावर प्रचंड शिळा बसविली गेली. पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनीं त्यांच्या सुटकेसाठीं यत्न केला. हिरासुका पाटालीर या वादकाच्या सुरांनीं मुलांच्या अंगीं बळ आलें. शिळा हलली, मुलें सुटलीं. वादक मात्र तिच्याखालीं चिरडला गेला. पुढें लिंगोनें मुलांना गोत्रांची व्यवस्था लावून दिली. आपल्या उगमाच्या कथेंत एका वादकाचें बलिदान जपणारा समाज रानटी कसा म्हणावा?

लिंगोचें गीत नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनीं संग्रहित केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ सालीं छापलें गेलें. नागपूर शहर वसविलें तें देवगडच्या बख्त बुलंद या गोंड राजानें. तरीही शालेय पुस्तकांत गोंडांच्या वाट्यास फार थोड्या ओळी येतात. जी गोष्ट पुस्तकांत नाहीं ती घडलीच नाहीं, असें मुलांस वाटूं लागतें, आणि शेजाऱ्याविषयींची अनास्था तेथूनच सुरू होते.

माघ पौर्णिमेस येथें यात्रा भरते. छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगण येथून भाविक येतात. 'जय सेवा' म्हणून एकमेकांस अभिवादन करतात. त्या वेळीं अवश्य जावें. परंतु वनभोजनास जातों अशा थाटानें जाऊं नये. गुहेंत शिरतांना देवळांतला संयम ठेवावा. आणि मुलांस बरोबर न्यावें. दगड दाखवून थांबूं नये. एखाद्या वृद्ध गोंड यात्रेकरूस आदरानें नमस्कार करून लिंगोची कथा त्याच्याच तोंडून ऐकवावी.