फी कुणी भरायची? अनुदानाचा हिशेब समजून घेऊया

(देहूरोड इथं झालेल्या आपल्या महासंघाच्या वार्षिक सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं भाषण. बऱ्याच जणींनी लिहून मागितलं, म्हणून छापत आहोत.)



मला सांगितलं होतं की बचतीवर बोल. पण बचत, कर्ज, हप्ता हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. आज मी गटाच्या वहीतल्या एकाच रकान्यावर बोलणार आहे. ‘कर्जाचे कारण’ हा तो रकाना. पूर्वी तिथं दवाखाना, शेळी, लग्न, पत्र्याची शेड असं लिहिलेलं असायचं. आता आमच्या वहीत सारखं दिसतं, मुलीची फी, मुलाची फी.

त्यातलं एक कर्ज माझं आहे. माझी मुलगी बारावी झाली, बीएस्सीला अर्ज केला. कॉलेजचं नाव घेत नाही. पहिली यादी लागली, तिचं नाव थोडक्यात हुकलं. खिडकीवरचे भाऊ म्हणाले, “काळजी करू नका ताई, विनाअनुदानित तुकडीत जागा आहे.” मी विचारलं, दोन्हीत फरक काय? म्हणाले, काही नाही, तीच इमारत, तोच अभ्यास, तीच परीक्षा. फक्त फी वेगळी. पहिल्या तुकडीला साडेआठ हजार, दुसरीला एकोणतीस हजार.

गटातून वीस हजार उचलले. महिना एक टक्का व्याज, वीस हप्ते. म्हणजे एकवीसशे रुपये व्याज. तुम्ही तोंडी हिशेब करून बघा, बरोबर निघेल.

घरी आल्यावर मात्र डोक्यात एकच घोळत होतं. तोच वर्ग, तोच फळा, मग हा वीस हजाराचा फरक कसला? विचारत गेले तेव्हा कळलं. अनुदानित तुकडीच्या प्राध्यापकाचा पगार सरकार देतं. विनाअनुदानित तुकडीला सरकार पगार देत नाही, म्हणून तो आपल्या फीमधून निघतो. शिकवायला खर्च दोन्हीकडे येतोच. तो सरकारनं उचलला नाही की आपल्या घरावर येतो.

हे आजचं नाही. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्यानं जागा वाढल्या हे खरं आहे. आपल्या पोरांना परराज्यात जायची वेळ कमी आली. इथून आकुर्डी, रावेत, तळेगावकडं जाताना कॉलेजांच्या पाट्या दिसतात, त्या तेव्हापासून वाढत गेल्या. पण पुढं हीच रीत साध्या कला, वाणिज्य, विज्ञानाच्या वर्गांनाही लागली. नवी तुकडी काढा, पण पगार मागू नका. सरकारनं अनुदान एकदम बंद केलं असं कुठं जाहीर झालं नाही. नव्या तुकडीला द्यायचं नाही, रिकामं पद भरायचं नाही, असं करत करत भार आपल्याकडं सरकला.

आता पैसे देण्याच्या रीती बघा. आपल्या गटाला पहिल्यांदा फिरता निधी मिळाला, तो परत करायचा नव्हता. नंतर बँकेचं कर्ज मिळालं, ते व्याजासकट फेडलं. दोन्ही पैसेच, पण रात्रीची झोप कशानं उडते ते आपल्याला माहीत आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारनं कॅनरा बँकेबरोबर एक कंपनी काढली, हेफा नावाची. केंद्राच्या मोठ्या शिक्षणसंस्थांना इमारती, प्रयोगशाळांसाठी ती कर्ज देते. काही संस्थांना पूर्ण मुद्दल, काहींना त्यातला भाग आपल्या उत्पन्नातून फेडावा लागतो. संस्थेचं उत्पन्न म्हणजे काय? त्यात फी आलीच. ही गोष्ट केंद्राच्या संस्थांची आहे. पण वारं कुठल्या दिशेला आहे ते कळावं म्हणून सांगितली.

मी हे गटात बोलले तेव्हा एक काकू म्हणाल्या, “अगं, आधी गावातली शाळा नीट होऊ दे. अंगणवाडीला छप्पर नाही आणि विद्यापीठाला कशाला पैसे?” काकूंचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढं जवळपास हेच मांडलं होतं. सरकारची तिजोरी रयतेच्या घामानं भरते आणि शिक्षणाचा फायदा वरच्या लोकांनाच होतो, असं त्यांनी ठणकावलं. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. पण त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक सांगितलं, ते आपण विसरतो. सरकारनं शाळा-कॉलेजांतून अंग काढून घेऊ नये, त्यानं शिक्षणाचा प्रसार अडेल. म्हणजे त्यांना खालची शाळाही हवी होती आणि वरचं दारही उघडं हवं होतं. आपल्या पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं नाव आहे. त्या दारातून आपल्या मुली आत जाणार की नाही, हे फीवर ठरायला नको.

दुसरं म्हणणं असं येतं, ज्याला शिकायचं त्यानं पैसे भरावेत. याचं उत्तरही आपल्या जवळच आहे. आपल्या देहूरोडच्या धम्मभूमीवर २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. आपण तिथं जातो, हात जोडतो. त्याच बाबासाहेबांनी १९२७ च्या मार्चमध्ये मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर भाषण केलं होतं. त्यांनी आकडे मांडले. कला महाविद्यालयांच्या खर्चातला सुमारे ३६ टक्के भाग फीमधून निघतो, हायस्कूलचा ३१ टक्के. याला त्यांनी शिक्षणाचं व्यापारीकरण म्हटलं. दारूच्या करातून लोकांकडून जेवढं घेता, तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, असंही त्यांनी सांगितलं. (टाळ्या) दारूबंदीसाठी बाटल्या फोडलेल्या बायका इथं बसल्या आहेत, त्यांना हे जास्त समजेल. ३६ टक्क्यांना त्यांनी व्यापार म्हटलं. विनाअनुदानित तुकडीत तर शिकवणाऱ्याचा सगळा पगार आपण भरतो.

आणि आपण काही फुकट मागत नाही. मोबाईलच्या रिचार्जवर अठरा टक्के जीएसटी आपण भरतो. पेट्रोलवरही कर भरतो. कोठारी आयोगानं १९६६ मध्ये सांगितलं होतं की देशाच्या उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत. २०२० च्या नव्या धोरणातही तेच सहा टक्के लिहिले आहेत. आजपर्यंत तिथं पोचलेलो नाही.

आता चांगलं झालं तेही सांगते. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं व्यावसायिक अभ्यासक्रमांना जाणाऱ्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर. प्रवेश मात्र केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर मिळत नाही, खासगी आणि अभिमत विद्यापीठांत मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलामुलींना शिष्यवृत्ती आधीपासून आहे. आपल्या किती मुलींनी महाडीबीटीवर अर्ज केला? उत्पन्नाचा दाखला वेळेत काढला नाही म्हणून हक्काचा पैसा सोडू नका.

पण फी माफ झाली आणि वर्गात शिकवणारं कोणी नसलं तर? माझ्या मुलीला दुसऱ्या वर्षी दिवाळीपर्यंत गणिताला सर नव्हते. नंतर आले ते तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाला मोबदला. चांगले होते, पण पुढच्या वर्षी दुसरीकडं गेले. पद मंजूर असतं, माणूस नसतो. विद्यापीठातही हाच प्रश्न आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रमवारीत पुणे विद्यापीठ बरंच खाली आलं, तेव्हा रिकाम्या पदांचीच चर्चा झाली. म्हणून सवलतही हवी आणि कॉलेजला, विद्यापीठाला पगाराचं अनुदानही हवं. एक घ्या, दुसरं सोडा, असं आपल्याला कोणी सांगू नये.

मागून कोणीतरी विचारलं, “मग लाडकी बहीणचे पैसे नकोत का?” नको कशाला? ते महिन्याचे दीड हजार आपल्या उपयोगाचे आहेत. पण वर्षाचे अठरा हजार होतात, आणि माझ्या फीतला फरकच साडेवीस हजारांचा होता. एका हातात आलं ते दुसऱ्या हातानं गेलं, वर माझे अडीच हजार लागले.

तर मैत्रिणींनो, तीन कामं करूया. एक, प्रवेशाच्या वेळी विचारा, तुकडी अनुदानित का विनाअनुदानित, आणि किती प्राध्यापक कायम आहेत. प्रत्येक रुपयाची पावती घ्या. दोन, प्रत्येक गटानं वहीत शिक्षणाची कर्जं वेगळी काढावीत. वर्षअखेरीला आपल्या महासंघाचा आकडा आपल्याला कळेल. तीन, तो आकडा घेऊन आमदारांकडं जाऊया आणि मागूया, रिकामी पदं भरा, आणि ज्या तुकड्या वर्षानुवर्षं पूर्ण भरतात त्यांना अनुदान द्या. हा ठराव मी आजच मांडते. ज्यांना पटला त्यांनी हात वर करा.

माझा शेवटचा हप्ता गेल्या महिन्यात गेला. मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे. धाकटी दहावीला आहे, दोन वर्षांनी तीही त्याच खिडकीवर उभी राहील. तेव्हा तिच्या नावापुढं कर्जाचा रकाना भरावा लागू नये, एवढंच मागणं आहे.



(ठराव हात वर करून मंजूर झाला. गटांच्या सचिवांनी शिक्षणासाठीच्या कर्जांची यादी पुढच्या मासिक बैठकीला आणावी.)