महर्षी दयानंदांची श्रद्धा आणि आपली परीक्षा
(नंदुरबार येथे दिलेल्या भाषणाचा सारांश)



महापुरुषाच्या प्रतिमेला हार घालणे सोपे असते. त्याचे म्हणणे पचविणे कठीण. महर्षी दयानंद सरस्वती यांच्याविषयी हे विशेषत्वाने खरे आहे. १८२४ साली सौराष्ट्रातील टंकारा येथे जन्मलेल्या या संन्याशाने वेद हेच अंतिम प्रमाण मानले. ईश्वर एक आणि निराकार आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणूनच त्यांनी मूर्तिपूजा नाकारली. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी देव्हारा आहे. या मुद्द्यावर आपण त्यांच्याशी सहमत नसू. परंतु त्यांचे हे मत झाकून त्यांचा गौरव करणे प्रामाणिकपणाचे ठरणार नाही.

त्यांची सामाजिक मते याच श्रद्धेतून उगवली. वेद ईश्वराचे, तर ते सर्वांचे. स्त्रिया आणि शूद्र यांनाही ते शिकण्याचा अधिकार आहे. वर्ण जन्माने नव्हे, तर गुणकर्मांनी ठरावा. कन्येचा विवाह सोळा वर्षांपूर्वी आणि पुत्राचा पंचवीस वर्षांपूर्वी होऊ नये. हे सारे त्यांनी परकीय ग्रंथांच्या नव्हे, वेदांच्या आधारे मांडले.

महाराष्ट्राने त्यांना कसे स्वीकारले? १८७५च्या एप्रिलमध्ये मुंबईत आर्य समाज स्थापन झाला. त्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे आदींच्या पुढाकाराने पुण्यात त्यांची व्याख्याने झाली. पुढे त्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा विरोधकांनी गाढवाची धिंड काढून त्यांची विटंबना केली, चिखलफेकही झाली. त्या प्रसंगी महात्मा फुले आपल्या अनुयायांसह मिरवणुकीत उभे राहिले. फुल्यांना वेदप्रामाण्य मान्य नव्हते; तरीही ते आले. मतभेद असूनही सोबत चालता येते, हा त्या दिवसाचा धडा आहे.

आपल्या जिल्ह्यालाही असा वारसा आहे. तळोदा तालुक्यातील मोरवडच्या संत गुलाम महाराजांनी १९३०च्या दशकात भिल्ल बांधवांना दारू सोडण्यास, स्वच्छ राहण्यास शिकविले. लहानथोर सर्वांना ‘आप’ म्हणावे, हा त्यांचा आग्रह होता. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकेरी हाक ऐकावी लागली, त्यांच्यासाठी हा एक शब्द केवढा मोठा होता! एकाचा मार्ग वेदाध्ययनाचा, दुसऱ्याचा सामुदायिक आरतीचा. माणसाची प्रतिष्ठा मात्र दोघांनीही धर्माच्याच आधारे मागितली.

म्हणून आपली परीक्षा घोषणांत नाही. सातपुड्याच्या पाड्यावरून येणाऱ्या बांधवाला आपण कसे संबोधतो, त्याच्या मुलीच्या शिक्षणाची चिंता आपल्या मुलीइतकीच करतो काय, तिचा विवाह अकाली होऊ नये म्हणून उभे राहतो काय, यांत ती आहे. या प्रश्नांची उत्तरे ज्याने त्याने आपल्या वर्तनातून द्यावीत, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.