नगर जिल्ह्याची दोन आत्मचरित्रं

'काय वाचू?' असं कुणी विचारलं, की मी आधी आपल्या जिल्ह्याशी नातं असलेली दोन पुस्तकं हातात ठेवते. पहिलं, लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई आणि त्यांचे पती रेव्हरंड टिळक यांच्या संसारातली बरीच वर्षं अहमदनगर आणि राहुरीत गेली. मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या कडक सोवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई पुढे नवऱ्यामागून ख्रिस्ती होते, जातीपातीचा विटाळ मनातून काढून टाकते. शाळा फारशी न शिकलेल्या लक्ष्मीबाईंची मराठी इतकी जिवंत, की वाचताना त्या समोर बसून बोलताहेत असंच वाटतं. आयुष्यातलं मोठं दुःख इतक्या हसतमुखानं सांगणारं दुसरं मराठी पुस्तक मला ठाऊक नाही.

दुसरं, दया पवारांचं 'बलुतं'. लेखक अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. 1978 साली आलेल्या या पुस्तकात शिकलेला दया पवार आपल्याच लहानपणच्या दगडूशी बोलतो. गावातला महारवाडा आणि मुंबईतली कावाखाना वस्ती, दोन्ही तो काहीही न झाकता दाखवतो. वाचताना जड जातं, पण टाळू नये.

दोन्ही पुस्तकं वाचनालयात मागा आणि लागोपाठ वाचा, आधी लक्ष्मीबाई, मग दगडू.