काहीच घडत नाही, असा चित्रपट

एकच चित्रपट पाहून आलेल्या दोघांपैकी एक म्हणतो, ‘यात काहीच घडलं नाही बुवा’, आणि दुसरा म्हणतो, ‘अहो, केवढं काय काय घडलं!’ दोघंही मनापासून बोलत असतील, तर त्या चित्रपटाकडे जरा निवांत पाहावं. रॉबर्ट ऑल्टमन या अमेरिकी दिग्दर्शकाचा ‘अ प्रेअरी होम कंपॅनियन’ हा २००६ सालचा चित्रपट अशांपैकी आहे. तो विनोदी आहे, पण खदाखदा हसवणारा नव्हे. आणि त्याचा विषय आपल्या जिव्हाळ्याचा आहे, तो म्हणजे रेडिओवरचा एक कार्यक्रम.

हा कार्यक्रम खरोखरच होता. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात सेंट पॉल नावाचं शहर आहे. तिथल्या एका कॉलेजात ६ जुलै १९७४ रोजी गॅरिसन कीलर यांनी तो सुरू केला. पहिल्या दिवशी समोर प्रेक्षक होते जेमतेम डझनभर. पुढे दर शनिवारी संध्याकाळी दोन तास तो अमेरिकाभर ऐकला जाऊ लागला. भरल्या थिएटरातून थेट प्रसारण, लोकगीतं, भजनं, छोट्या नाटिका आणि अस्तित्वातच नसलेल्या बिस्किटांच्या जाहिराती, असा सगळा मामला. मुंबई आकाशवाणीवरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधले टेकाडे भावोजी, मीनावहिनी आणि पंत ज्यांच्या घरचेच झाले होते, त्यांना या आवाजांशी जडलेलं नातं वेगळं समजावून सांगायला नको.

चित्रपटाची पटकथा कीलर यांनीच लिहिली आणि सूत्रधाराचं कामही त्यांनीच केलं. कथा एका रात्रीची. टेक्सासमधल्या एका कंपनीनं थिएटर विकत घेतलंय. ते पाडून तिथं गाड्या उभ्या करायला जागा होणार आहे. म्हणजे आजचा प्रयोग शेवटचा. मेरिल स्ट्रीप आणि लिली टॉमलिन या दोघी गाणाऱ्या बहिणी झाल्या आहेत. वुडी हॅरेलसन आणि जॉन सी. रायली हे दोन गावरान विनोदवीर. केव्हिन क्लाइन थिएटरची राखण करणारा, स्वतःला मोठा गुप्तहेर समजणारा इसम. आणि पांढरा कोट घालून एक अनोळखी बाई पडद्यामागं फिरते आहे. ती मृत्यूची दूत आहे. कधी काळी हाच कार्यक्रम ऐकत ती गाडी चालवत होती. दोन पेंग्विनांचा एक फुसका विनोद ऐकून तिला हसू आवरेना, गाडी रस्ता सोडून गेली आणि ती मेली!

आता प्रेक्षकांचं म्हणणं पाहू. नाराज मंडळींची पहिली तक्रार अशी की, कथानकच नाही. गाणी होतात, गप्पा होतात, माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि चित्रपट संपतो. दुसरी तक्रार कार्यक्रमाच्या जुन्या चाहत्यांची. ‘लेक वोबेगॉन’ या काल्पनिक गावाच्या हकिगती कीलर दर आठवड्याला सांगत. तोच कार्यक्रमाचा प्राण, आणि चित्रपटात नेमका तोच नाही. तिसरी तक्रार त्या देवदूत बाईबद्दल आणि गुप्तहेराबद्दल. बाकी सगळं इतकं साधं असताना ही दोन पात्रं ओढूनताणून आणल्यासारखी वाटतात, असं पुष्कळांना वाटलं. उलट ज्यांना चित्रपट आवडला, ते सांगतात ते स्ट्रीप आणि टॉमलिन यांच्या मेकअपच्या खोलीतल्या गप्पांबद्दल, गाण्यांबद्दल आणि शेवटी मागं रेंगाळणाऱ्या हुरहुरीबद्दल. रॉजर ईबर्ट या नामवंत समीक्षकानं त्याला चारपैकी चार तारे दिले होते.

यातली तिसरी तक्रार मला बरीचशी मान्य आहे. पहिली मात्र पटत नाही. या चित्रपटात काय घडत नाही? एक थिएटर जातं, तीस वर्षांचा कार्यक्रम बंद पडतो, आणि प्रयोग रंगात असताना मेकअपच्या खोलीत चक एकर्स नावाचा म्हातारा गायक प्राण सोडतो. पण हे सगळं स्टेजच्या मागं घडतं. पुढं गाणं चालू असतं. ते चालू ठेवावंच लागतं, कारण कार्यक्रम थेट आहे. रेडिओवर मिनिटभर शांतता पडली, तर ऐकणाऱ्याला वाटतं, संच बिघडला.

चित्रपटातला खरा वाद इथंच आहे, आणि प्रेक्षकांतलाही. चक गेला हे कळल्यावर सहकारी म्हणतात, दोन शब्द बोला, निदान क्षणभर स्तब्ध राहू. कीलर नकार देतात. श्रद्धांजलीची भाषणं आपण करत नाही, म्हणतात. लिंडसे लोहान ही त्यात कविता लिहिणारी तरुण मुलगी झाली आहे. ती त्यांना विचारते, उद्या तुम्ही गेलात, तर लोकांनी तुमची आठवण काढावी असं नाही वाटत? त्यांचं उत्तर असं की, लोकांना ‘आठवण काढा’ असं सांगावं लागणं मला नको. काहींना हा माणूस कोरडा वाटला. मला वाटतं, चित्रपटाचा सौम्यपणा म्हणतात तो हाच. मृत्यू समोर उभा आहे हे तो लपवत नाही. फक्त आवाज चढवत नाही. आपल्याकडे घरात माणूस गेल्यावर सगळ्यांना चहा करून देणारी एखादी काकू असते. तिला दुःख नसतं, असं कोण म्हणेल?

आणि हा सौम्यपणा भाबडा नाही, याचाही पुरावा चित्रपटात आहे. कंपनीचा माणूस थिएटरला टाळं लावायला येतो. ती भूमिका टॉमी ली जोन्स यांची. प्रयोग पाहून तो विरघळेल, असं आपल्याला वाटतं. तो विरघळत नाही. मग देवदूत बाई त्याच्या गाडीत बसते, त्याला जवळचा रस्ता दाखवते, आणि तो माणूस अपघातात जातो. दुसऱ्या एखाद्या चित्रपटात थिएटर इथं वाचलं असतं. इथं ते तरीही पाडलं जातं. निर्णय एका माणसाचा नव्हताच.

पडद्याबाहेर जे झालं, ते याहून चमत्कारिक. चित्रीकरणाच्या वेळी ऑल्टमन ऐंशीचे होते. विमा मिळावा म्हणून पॉल थॉमस अँडरसन या तरुण दिग्दर्शकाला राखीव म्हणून सोबत ठेवावं लागलं होतं. मार्च २००६ मध्ये मानाचं ऑस्कर स्वीकारताना ऑल्टमन यांनी पहिल्यांदाच जाहीर केलं की, सुमारे दहा वर्षांपूर्वी आपलं हृदय बदललं आहे. चित्रपट जूनमध्ये अमेरिकेत झळकला आणि २० नोव्हेंबरला ते गेले. थिएटर मात्र गेलं नाही. १९१० साली उघडलेलं फिट्झजेराल्ड थिएटर सेंट पॉलमध्ये आजही उभं आहे.

आणि कार्यक्रम? तो कंपनीच्या कुऱ्हाडीनं संपला नाही. कीलर २०१६ मध्ये निवृत्त झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये, गैरवर्तनाच्या आरोपांनंतर, मिनेसोटाच्या सार्वजनिक रेडिओनं त्यांच्याशी संबंध तोडले. जे झालं त्याची हकिगत कीलर वेगळी सांगतात. कार्यक्रमाचं नाव बदललं आणि २०२० मध्ये तोही थांबला. त्यामुळे आज हा चित्रपट पाहणारा पूर्वीच्या निरागसपणानं पाहू शकत नाही. ‘माझी आठवण काढा असं सांगू नका’ म्हणणारा तो शांत चेहरा आता काहींना सुसंस्कृत वाटतो, तर काहींना हातचं राखून बोलणारा. दोन्ही मतं मी समजू शकतो. आवडता आवाज आपल्या घरी येतो, म्हणून त्या आवाजामागचा माणूस आपल्याला कळला, असं होत नाही. रेडिओ ऐकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेलं बरं.

तरीही चित्रपट एका माणसाचा नाही. चुकलेली ओळ सावरून घेणाऱ्या बहिणींचा तो आहे, आणि वेळ उरली म्हणून ऐनवेळी माईकसमोर ढकलल्या गेलेल्या त्या मुलीचाही. ती गाण्याचे शब्द विसरते, मग मनचेच जोडते आणि गाणं पुरं करते. ‘यात काहीच घडत नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या मुलीच्या गाण्यापाशी थांबून पाहावं, एवढीच विनंती.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)