पिवळा दिवा आणि चाकाजवळचा सेन्सर



गणपतीत आपल्यापैकी अनेकजण गाडीने पुण्या-मुंबईला, कोकणात जातात. पाऊस अजून सरलेला नसतो. हरणीतून निघून गोल्डन चोकडीला हायवेला लागलो, की गाडी सहज ताशी ८० किलोमीटरवर जाते; म्हणजे सेकंदाला २२ मीटर. अशात समोर गाय आली, तर आपण करकचून ब्रेक दाबतो. चाके जाम झाली, तर गाडी घसरत जाते आणि स्टिअरिंग फिरवूनही वळत नाही.

हे टाळते ती एबीएस यंत्रणा. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची आहे. तिची सारी भिस्त प्रत्येक चाकाजवळच्या लहानशा सेन्सरवर असते. चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी किंवा चुंबकीय कड्यासमोर तो बसवलेला असतो. ताशी ८० च्या वेगाला चाक सेकंदात सुमारे १२ वेळा फिरते; कड्याला ४८ दात असतील, तर सेन्सर तेवढ्यात पावणेसहाशे ठोके पाठवतो. एखाद्या चाकाचे ठोके एकदम मंदावले, की यंत्रणा त्याचा ब्रेक क्षणभर सैल करून पुन्हा लावते. हे सेकंदात अनेकदा घडते, म्हणून पेडल पायाखाली थरथरते. तेव्हा घाबरून पाय उचलू नये. पेडल दाबून ठेवावे आणि गाडी वळवून घ्यावी.

पण हा सेन्सर राहतो चिखल-पाण्यात. त्याला लोखंडाचा कीस चिकटतो, कड्याला गंज चढतो, वायर घासून तुटते. मग एबीएसचा पिवळा दिवा लागून राहतो. नेहमीचे ब्रेक लागतच असतात, म्हणून आपण म्हणतो, "चालतंय ना? दिवाळीनंतर बघू." धोका इथेच आहे. रोजच्या रहदारीत काही जाणवत नाही. ऐन वेळी, ओल्या रस्त्यावर चाक जाम होते.

गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, की कोणत्या चाकाकडे बिघाड आहे ते बहुधा कळते. नवा सेन्सर घेण्याआधी साफसफाई आणि वायर तपासून घ्यावी. पुष्कळदा तेवढ्यावर भागते. चावी फिरवल्यावर हा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. मुळीच लागला नाही, तरीही गाडी दाखवावी. जुनी गाडी घेताना तर हे आवर्जून पाहावे. आणि ब्रेकचा लाल दिवाही सोबत लागला, तर गाडी पुढे नेऊच नये.

प्रवासाला निघताना आपण गाडी धुतो, हार घालतो, नारळ फोडतो. त्याच वेळी त्या पिवळ्या दिव्याकडेही एकदा पाहू या.

गणपती बाप्पा मोरया!